चिखलाचा उंबरठा

टॉम-बेहे बघून तुमची निराशा झाली असेल तर होऊ द्या, मला राग नाही येणार. नाशिकहून एवढं विमानाने यायचं, आणि स्कॉटलंडात बघायचं काय, तर हे टेकाड. आपल्याकडे याला कुणी नावसुद्धा ठेवलं नसतं. इथे ठेवलंय. टॉम हा कुणी माणूस नव्हे हो. इथल्या जुन्या गेलिक भाषेत टॉम म्हणजे टेकाड आणि बेहे म्हणजे बर्चचं झाड. ती पांढऱ्या सालीची, पापुद्रे सुटलेली झाडं दिसतायत ना, ती बर्च. जाड बुंध्याचे ते ओक. खाली कमरेएवढे नेचे वाढलेत, त्यांत फोटो काढायला शिरू नका, गोचिड्या चिकटतात. वाट सोडायची नाही.

माझी ओळख तुमच्या मंडळाच्या लोकांनी दिली असेलच. मी वत्सला कारखानीस, मूळची पेणची. पण या किनलारिक गावात आमचं बिऱ्हाड आलं तेव्हा माझे केस काळे होते, आता बघताच आहात. गावात मराठी माणूस आला की मी त्याला या टेकडीवर आणते, त्याची इच्छा असो वा नसो. पाऊस आहे म्हणता? असू दे. इथे पाऊस थांबायची वाट बघत बसलात तर व्हिसा संपेल. चला, दमानं चढा. भालचंद्रराव, तुमचे बूट अगदी पांढरेशुभ्र आहेत, छान आहेत. आत्ताच काय ते बघून घ्या.

हं, आलं. थांबा सगळे, श्वास घ्या. हे बघा.

चार भिंती उभ्या आहेत, छप्पर नाही. समोर दाराची चौकट आणि तिच्या अगदी सरळ रेषेत पलीकडच्या भिंतीत दुसरी चौकट. दारं कुठेच नाहीत. खालून आलेली आपली वाट या दारातून घरात शिरते आणि त्या दारातून बाहेर पडून वर जाते. आत बघा, घरभर बर्च उगवलेत. दिवाणखान्यात उगवलेत, चुलीच्या धुराड्यात उगवलेत. पण मधल्या वाटेवर एकही नाही. इथले लोक म्हणतात, उगवतच नाही. माणसं रोज तुडवतात म्हणून उगवत नाही, असं मला वाटतं, पण मी ते इथे कुणाला बोलून दाखवत नाही. आणि हे उंबरठ्यापुढचं डबकं. कड्यातून पाणी पाझरतं, उन्हाळ्यातही आटत नाही.

अहो कुमुदताई, बूट काय काढताय? घाला, घाला. कळतं मला, उंबरठा दिसला की आपला हात खाली जातोच. आमच्या पेणला पायांवर तांब्याभर पाणी घेतल्याशिवाय आत आलं की आई घर डोक्यावर घ्यायची. पण इथे उलटं आहे. इथे पाय स्वच्छ असतील तर आत जायचं नाही. आधी या डबक्यात दोन्ही पाय बुडवायचे, चांगले घोट्यापर्यंत, आणि तसेच चिखलाचे पाय घेऊन घरातून चालत जायचं. पुसायचे नाहीत, झटकायचे नाहीत. दाराशेजारी दगडात बसवलेली ती गंजकी लोखंडी पट्टी बघा. बुटांचा चिखल खरवडायला बसवलेली. तिला आजवर गावातल्या एकाही माणसाचा बूट लागलेला नाही, असं सांगतात.

भालचंद्रराव, तुमची नजर कुठे आहे ते दिसतंय मला. हो, बाजूने रस्ता आहे. अलीकडे जंगलखात्याने लाकडाच्या गाड्यांसाठी कडा फोडून केलाय. सपाट आहे, कोरडा आहे, तुमच्या बुटांना अगदी योग्य आहे. त्या रस्त्याने जायचं नाही. का, ते सांगते. त्या दगडांवर टेका जरा. मला हे आमच्या शेजारणीने, फ्लोराने सांगितलं, तिला तिच्या सासूने. त्यामुळे यात पदरचं किती आणि खरं किती, ते मला विचारू नका.

या टेकडीच्या माथ्यावर जुनी दफनभूमी आहे, आपण जाणारच आहोत. किनलारिकमध्ये मेलेलं माणूस पूर्वीपासून याच वाटेने वर न्यायचे. माथ्यावरून सगळं गाव दिसतं, तळं दिसतं. आपली माणसं वर असली की ती आपल्याला बघतात, असं इथल्या बायका म्हणायच्या. दफनाच्या दिवशी जायचं, सणाला जायचं, भांडण झालं की कुणी रागाने उठूनसुद्धा वर जाऊन बसायचं. वाट कुणाची, असा प्रश्न कुणाला पडला नव्हता.

मग आला गेमेल. आर्चिबाल्ड गेमेल. ग्लासगोकडे त्याच्या सुताच्या गिरण्या होत्या म्हणे. त्याने जुन्या जमीनदाराकडून सगळा मुलूख विकत घेतला. टेकडी, तळं, गाव, गावातल्या लोकांनी कसायला घेतलेली शेतं, सगळं. त्याला हवी होती हरणं. शरद ऋतूत पाहुणे बोलवायचे, बंदुका घ्यायच्या, शिकार करायची. माणसं टेकडीवर येजा करतात म्हणून हरणं बुजतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं. झालं. त्याने शिकारीचं घर बांधायला काढलं आणि जागा निवडली ती हीच. का हीच, ते नीट बघा. आता जिथे गाडीरस्ता आहे तिथे तेव्हा उभा कडा होता. या बाजूला ओढ्याची घळ, डोकावू नका, खोल आहे. मध्ये वाटेपुरतीच जागा. बाटलीच्या तोंडात बूच बसवावं तसं त्याने वाटेवर घर बसवलं. पुढचं दार तळ्याच्या बाजूला, पाहुण्यांना देखावा दिसावा म्हणून. मागचं दार टेकडीकडे, शिकारीला निघायला. दोन्ही दारं वाटेच्या रेषेत आली. गवंड्याने मुद्दाम तशी ठेवली असं गावातले लोक आजही छातीठोकपणे सांगतात. मला काही ते खरं वाटत नाही. मालकाने सांगितलं तिथे त्याने भोक पाडलं असणार.

लोकांना गेमेलने कळवलं की टेकडीवर कुणी पाय ठेवला तर त्याचं शेत काढून घेतलं जाईल. आणि तुमची गैरसोय नको म्हणून खाली रस्त्याला लागून नवी दफनभूमी देतो, म्हणाला. दिलीही. दगडी कुंपण, लोखंडी फाटक, सगळं व्यवस्थित. लोकांनी मान खाली घातली. त्यांना नावं ठेवू नका बरं का. पदरात पोरं असली आणि डोक्यावरचं छप्पर दुसऱ्याच्या नावावर असलं की माणूस वाकतो. त्यानंतर गावात जे मेले ते खाली रस्त्याकडेला पुरले गेले. नवरा वर, बायको खाली. बाप वर, लेक खाली. संध्याकाळी बायका दारात उभ्या राहून टेकडीकडे बघायच्या आणि आत जायच्या.

गावाच्या टोकाला तेव्हा दोन बायकांचं घर होतं. मोराग नावाची म्हातारी आणि तिची सून इशबेल. मोरागचा नवरा डोनाल्ड वर माथ्यावर पुरलेला, गेमेल येण्याआधीच. मुलगा मासेमारीला गेला तो समुद्राने ठेवूनच घेतला, त्याची ना कबर ना काही. उरल्या या दोघी. आणि दोघींचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. लापशीत मीठ किती घालायचं यावरून म्हणे त्या रोज सकाळी भांडायच्या. मोराग गावातलीच, तोऱ्याची. इशबेल किनाऱ्यावरची, हेरिंग मासळी साफ करून हात राठ झालेली, तोंडाने फटकळ. म्हातारी तिला शेवटपर्यंत 'ती मासळीवाली' म्हणत राहिली, आणि इशबेलही गप्प बसून ऐकून घेणाऱ्यातली नव्हती.

मोराग अंथरुणाला खिळली तेव्हा सगळं इशबेलनेच केलं, कुरकुर करत केलं, पण केलं. आणि शेवटच्या दिवसांत एकदा म्हातारीने तिला जवळ बोलावलं. म्हणाली, "मला वर न्यायचं. त्या रस्त्याकडेच्या कुंपणात नाही. डोनाल्डच्या डाव्या हाताला जागा ठेवलीय मी माझी."

डाव्याच हाताला का, तर डोनाल्डचा उजवा कान बहिरा होता. उजव्या बाजूला निजलं तर त्याला माझं काही ऐकू जायचं नाही, असं म्हातारीचं म्हणणं.

इशबेल म्हणाली, "वाटेवर घर बांधलंय त्याने. कुणी खांदा द्यायला येणार नाही."

"ठाऊक आहे मला," मोराग म्हणाली. "तू मला कधी आवडली नाहीस, इशबेल. पण तुझ्यासारखी हट्टी बाई या गावात दुसरी नाही. म्हणून तुलाच सांगतेय. आपल्या वाटेने ने."

इशबेलने हात फडक्याला पुसला आणि म्हातारीच्या हातावर ठेवला. "नेईन," म्हणाली. यापेक्षा जास्त काही बोलल्याचं कुणी सांगत नाही.

मोराग गेली. सुताराने पेटी करून दिली, तेवढं त्याने केलं. मग इशबेल गावातल्या घराघरांत गेली. पुरुष खाली बघत होते. कुणी म्हणालं, खाली ने ना बाई, मी येतो खांद्याला. कुणी म्हणालं, माझी मुलं लहान आहेत. इशबेलने कुणाला शिव्याशाप दिले नाहीत. ती परसात गेली आणि पीट ओढायची घसरगाडी बाहेर काढली. पीट म्हणजे दलदलीतली काळी माती, वाळवून चुलीत जाळतात, तुम्ही खाली हॉटेलात वास घेतलात ना, तोच. आणि घसरगाडी म्हणजे चाकं नसलेली, दोन लाकडांवर घसरणारी गाडी. तिच्यावर तिने एकटीने पेटी चढवली, दोरीने बांधली, दुसरी दोरी आपल्या छातीवरून घेतली, आणि सकाळीच, भर पावसात, गावातून ओढत निघाली.

आता इथली एक रीत सांगते, ती ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. वाटेत प्रेतयात्रा आडवी आली की आपलं काम टाकायचं, वळायचं आणि तिच्याबरोबर चार पावलं चालायची. ओळख असो, नसो, वैर असो. चार पावलं तरी चालायचीच. न चालणं म्हणजे फार मोठी नामुष्की. मेलेल्याला एकटं सोडलं, असा अर्थ होतो.

पहिलं घर लोहाराचं. त्याचं नाव फर्कर. तो दारात उभा होता. समोरून एक बाई पेटी ओढत चाललीय, मागे कुत्रंसुद्धा नाही. शेताची भीती आपल्या जागी, पण ही रीत त्याच्या हाडात होती. तो बाहेर आला आणि पेटीमागे चालायला लागला. चार पावलं झाली. त्याच्या अंगणाची भिंत संपली, तिथे थांबायला हरकत नव्हती, कुणी बोट दाखवलं नसतं. तो थांबला नाही. नंतर बायकोने विचारलं तेव्हा म्हणे तो म्हणाला, "थांबायचं कुठे तेच कळेना."

दुसऱ्या घरातून एक जोडपं आलं. मग शाळेच्या मागच्या तिघी बहिणी. प्रत्येक जण चार पावलांपुरता आला आणि प्रत्येकाची चार पावलं लांबली. ओढ्याच्या पुलापाशी फर्करने इशबेलच्या खांद्यावरची दोरी काढून आपल्या खांद्यावर घेतली. टेकडीच्या पायथ्याशी आले तेव्हा सगळं किनलारिक मागे होतं. आत्ता आपण आलो ना, त्याच चढाने, त्याच बर्चांमधून. चिखल असा की पाय रुतत होते आणि गाडी मागे घसरत होती. मोराग हलकी होती, पण ओली पेटी आणि हा चढ. खालून बायकांनी गाडी रेटली.

आणि ते इथे आले. ही चौकट, तेव्हा तिला ओकचं जाड दार होतं. आत पाहुणे जेवायला बसले होते. नवा गालिचा होता, कुठल्याशा लांबच्या शहरातून आणलेला, त्याचं कौतुक आधीच गावभर झालं होतं. इशबेलने दार ठोठावलं. गेमेल स्वतः आला, गळ्यात जेवणाचा रुमाल तसाच. बघतो तर दारात पेटी आणि मागे सगळं गाव.

तो काही राक्षस नव्हता बरं. राक्षस असता तर गोष्ट सोपी झाली असती. तो हसला. पाहुण्यांसमोर मन मोठं करायची ही चांगली संधी आहे, असं त्याला वाटलं असणार. म्हणाला, "म्हातारीची शेवटची इच्छा आहे असं कळतंय. ठीक आहे. आजच्या दिवस माझ्या घरातून जायची मी तुम्हाला परवानगी देतो. फक्त बूट काढा, पाय तिथे नीट पुसा, आणि गालिच्याच्या कडेकडेने जा. उद्यापासून दार बंद."

लोकांचा जीव भांड्यात पडला. शेतंही वाचली, मोरागही वर जाणार. दोघं-तिघं तर लगेच वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले. त्यांना इशबेलने अडवलं. ती गेमेलकडे वळली आणि म्हणाली, "साहेब, आम्ही तुमच्या घरात आलेलो नाही. तुमचं घर आमच्या वाटेवर आलंय. वाटेवर कुणी पाय पुसतं का?"

गेमेलचं हसू गेलं. त्याने दार लावून घेतलं. आतून अडसर सरकल्याचं सगळ्यांना ऐकू आलं.

मग लोक इशबेलवर उखडले. का नाही उखडणार. दार उघडं होतं, बूट काढायचे होते, एवढंच. तासाभरात म्हातारी डोनाल्डच्या डाव्या हाताला निजली असती. फर्कर म्हणाला, "बाई, परवानगी देत होता तो. तुझं काय बिघडलं असतं?"

इशबेल गाडीच्या कडेवर बसली होती, पेटीला पाठ टेकून. म्हणाली, "आज परवानगीने गेलो की उद्या परवानगी मागायला यावं लागेल. मी तिला वाटेने नेईन म्हटलंय. त्याच्या दिवाणखान्यातून नेईन असं नाही म्हटलेलं."

आणि ती तिथून हलली नाही. या उंबरठ्यावर पेटी, पेटीशेजारी ती, आणि वरून पाऊस. लोक चिडले, पण घरी कुणी गेलं नाही. प्रेत दारात आणि आपण घरी, हे कुणाच्याने होईना. दुपार कलली. आत पाहुण्यांची पंचाईत. पुढच्या दारात मढं, मागच्या दाराने गेलं तर टेकडी, जाणार कुठे? पियानो वाजवून बघितला म्हणे कुणीतरी, आणि थोड्या वेळाने तोही बंद झाला.

या घरात वरच्या मजल्यावर एक म्हातारी राहत होती. गेमेलची आई. ती मूळची कुठल्याशा बेटावरची, गेलिक बोलणारी, पोरवयात शहरात कामाला आली होती. मुलगा मोठा झाला, गिरण्या आल्या, आणि आईच्या बोलण्याची त्याला लाज वाटायला लागली. पाहुणे आले की ती वरच जेवायची. तो तिच्याशी वाईट वागत नव्हता, असंही सांगतात. रेशमी कपडे, रेशमी सपाता, कशाला कमी नव्हतं. फक्त बोलायला कुणी नव्हतं.

तिने वरच्या खिडकीतून सगळं बघितलं होतं. संध्याकाळ व्हायच्या आत ती जिना उतरली. पाहुण्यांच्या मधून चालत गेली आणि तिने स्वतः अडसर काढला. गेमेल मागून आला. "आई, आत ये, भिजशील."

तिने इशबेलला तिच्याच भाषेत विचारलं, "कोण आहे?"

"मोराग. डोनाल्डची बायको."

"आणि कुठे जायचंय?"

"वर. त्याच्या डाव्या हाताला."

म्हातारीने मान हलवली. मग तिने दाराशेजारच्या या लोखंडी पट्टीकडे बघितलं, आणि आपल्या पायांतल्या रेशमी सपातांकडे बघितलं. उंबरठा ओलांडून बाहेर आली, पेटीला वळसा घातला, आणि या डबक्यात उतरली. आधी एक पाय, मग दुसरा. घोटे बुडेपर्यंत. सगळे बघत राहिले. मग तिने गाडीची दोरी हातात घेतली, घराकडे तोंड केलं आणि मुलाला म्हणाली, "प्रेत समोर आलं की चार पावलं चालायची असतात, आर्ची. मी शिकवलं होतं तुला." आणि ती चिखलाच्या पायांनी आपल्या मुलाच्या घरात शिरली, थेट गालिच्यावरून.

गेमेल बाजूला झाला. आईला कोण अडवणार.

मागून इशबेल गेली. ती दिवसभर चिखलातच बसली होती, तरी डबक्यात पुन्हा उतरून गेली. मग फर्कर. मग सगळं गाव, एकेक जण, आधी डबक्यात आणि मग उंबरठ्यावर. ज्यांना उडी मारून जाता आलं असतं तेही उतरले. मागच्या दारातून शेवटचा माणूस बाहेर पडला तेव्हा गालिचा कुठला आणि वाट कुठली ते कळत नव्हतं, असं फ्लोरा मोठ्या समाधानाने सांगायची. उजेड होता तोवर त्यांनी मोरागला डोनाल्डच्या डाव्या हाताला ठेवली. गेमेलची आई वर दफनभूमीच्या भिंतीवर बसून होती आणि कुणाकुणाशी बोलत होती. किती वर्षांनी बोलत होती, देव जाणे.

गेमेल गेला का त्यांच्याबरोबर? फ्लोरा म्हणायची गेला, तिचा नवरा म्हणायचा नाही गेला, आणि या एका गोष्टीवरून मी त्या दोघांना कडाकडा भांडताना बघितलंय. मला विचाराल तर नाही गेला. त्या दिवशी तरी नाही.

सगळं गोड झालं असंही नाही. फर्करचं शेत गेलं. आणखी एकाचं गेलं. फर्करचं कुटुंब कॅनडाला निघून गेलं, तिकडची त्यांची नातवंडं-पतवंडं अजून इथे येतात, डबक्यात पाय बुडवतात आणि रडतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी इशबेलने पुन्हा येऊन हे दार ठोठावलं. पेटी नाही, काही नाही, नुसती वर जाऊन यायला. गेमेलच्या आईने उघडलं. तिसऱ्या दिवशीही. मग आणखी बायका यायला लागल्या. रोज कुणी ना कुणी चिखलाच्या पायांनी त्या घरातून जायचं, आणि म्हातारी दारात खुर्ची टाकून बसायची. ज्याचे पाय स्वच्छ दिसतील त्याला परत डबक्यात पाठवायची, म्हणे. वरून येताना इशबेलही तिच्यापाशी टेकायची. मोरागची जागा भरून निघाली असेल का, कुणास ठाऊक. लापशीतल्या मिठावरून त्या दोघीही भांडायच्या, एवढं सांगतात.

मग तीही म्हातारी गेली. आपल्याला वरच ठेवा, असं तिने आधीच सांगून ठेवलं होतं. तिची पेटी या घरातूनच निघायची होती. मागच्या दाराने सरळ वर नेता आली असती. पण लोकांनी पुढच्या दाराने बाहेर काढली, खाली गावात नेली, गावातून फिरवली आणि सगळ्यांबरोबर पुन्हा या वाटेने आणली. खांद्याला पुढे गेमेल होता. काळा कोट, चकचकीत बूट. या पट्टीपाशी तो क्षणभर थांबला म्हणे. मागचे सगळे थांबले. इशबेल बघत होती. मग तो चिखलात उतरला, आधी एक पाय, मग दुसरा, आणि आईला घेऊन आपल्याच घरातून चिखलाच्या पायांनी चालत गेला. त्याच आठवड्यात त्याने दोन्ही दारं बिजागऱ्यांवरून उतरवली आणि ग्लासगोला निघून गेला. परत आला नाही. पुढे छप्पर वाऱ्याने गेलं, गालिचा पावसाने गेला, आणि बर्च आत आले.

तेव्हापासून ही रीत आहे. आजही गावात कुणी गेलं की याच वाटेने नेतात आणि घराघरांतून लोक चार पावलांसाठी बाहेर येतात. आजही या डबक्यात पाय बुडवल्याशिवाय कुणी आत जात नाही, मग तो शाळेचा मास्तर असो की पाळण्यातलं पोर. पोराचे पाय आई बुडवते. एकदा कुणीतरी भलं करायला म्हणून इथे खडी टाकली होती. सकाळी बघतात तर खडी नीट ढीग करून गाडीरस्त्याच्या तोंडाशी ठेवलेली. कुणी केलं ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणी सांगणार नाही. मीही नाही.

आमचे हे गेले तेव्हाही पाऊसच होता. दहन शहरात झालं. मी अस्थी घेऊन परत आले. मुलगा येईपर्यंत थांबायचं नव्हतं मला, यांना वर माथ्यावर जायचं होतं. एका भल्या माणसाने मला सांगितलं, वहिनी, गाडीरस्त्याने चला, मी सोडतो, कोरडं आहे. मी म्हटलं, नको. कलश पोटाशी धरला आणि एकटीच निघाले. आपण परक्या देशातली माणसं, आपल्यासाठी कोण येणार, असं मनात होतं. पहिलंच घर फ्लोराचं. ती दारात उभी होती. मग पुढचं घर उघडलं, मग त्याच्या पुढचं. टेकडीच्या पायथ्याशी मी मागे वळून बघितलं, आणि मग पुन्हा बघवलं नाही मला. या डबक्यापाशी आले तेव्हा पेणच्या आईची आठवण झाली. मनात म्हटलं, आई, आज ओरडू नकोस. आणि उतरले.

चला, पुष्कळ झालं. उठा आता, वर जाऊ. मोराग आणि डोनाल्डही दाखवते तुम्हाला, आणि थोडं पलीकडे आमचे हे. भालचंद्रराव, त्या रस्त्याकडे बघणं सोडा. बूट धुता येतात.

कुमुदताई, घातलेत बूट? या इकडे. माझा हात धरा. हं, उजवा पाय. अजून खाली, घोटा बुडू दे. आता डावा.